परदेशी वास्तव्य आणि प्राप्तिकर

परदेशगमन ही आपल्या गोमंतकीय कुटुंबांस नवी गोष्ट नाही. जुन्या पिढीतील माणूस बोटीवर चढे, किंवा आफ्रिकेत व आखाती देशांत नोकरी धरी. त्या वेळी मालक तिकडचा, काम तिकडचे आणि पगारही तिकडचाच असे. आता घरातील मुलगा किंवा सून इकडच्याच कंपनीचे काम लिस्बनमध्ये बसून संगणकावर करते. मालक एका देशात, काम करणारा दुसऱ्या देशात; मग कर कोणत्या देशाचा? पुष्कळांची समजूत अशी की, आपण परदेशी आहोत म्हणून इकडे कर नाही, आणि पगार भारतातून येतो म्हणून तिकडेही नाही. ही समजूत घातक आहे.

भारताचा प्राप्तिकर कायदा मुख्यतः पारपत्र पाहत नाही, दिवस मोजतो. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात जो १८२ दिवस किंवा अधिक भारतात राहिला तो ‘निवासी’. दुसरी कसोटी अशी की, त्या वर्षात ६० दिवस आणि मागील चार वर्षांत मिळून ३६५ दिवस येथे राहिलेला मनुष्यही निवासी ठरतो. मात्र नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकास, देश सोडण्याच्या वर्षी, ६० ऐवजी १८२ दिवसांची सवलत आहे. १९६१ च्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या कायद्यातही, ज्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे, या कसोट्या कायम आहेत. सामान्य निवाशाच्या साऱ्या जगातील मिळकतीवर भारतात कर लागतो. अनिवाशाच्या केवळ भारतात उद्भवलेल्या किंवा भारतात हाती पडलेल्या मिळकतीवर.

एक उदाहरण घेऊ. एप्रिल ते ऑगस्ट या पाच महिन्यांचे दिवस १५३. नोकरीसाठी २८ सप्टेंबरला निघालेल्याचे, निघण्याचा दिवस धरून, १८१ दिवस भरतात, तो अनिवासी. एकच दिवस उशिरा निघाल्यास १८२ होतात व तो निवासी ठरतो. निघाल्यावर त्याच वर्षी आठ दिवस घरी आला तर तेही मोजले जातात. शिवाय जुनीच नोकरी कायम ठेवून प्रवाशाच्या व्हिसावर गेलेल्याचे ‘नोकरीसाठी प्रयाण’ मान्य होईलच असे नाही. म्हणून कंपनीचे परदेशी कामाचे पत्र व योग्य व्हिसा जवळ असावा.

पुढील वर्षांत घरी भेटीस येणाऱ्या भारतीय नागरिकास १८२ दिवसांची मर्यादा आहे; परंतु भारतातील मिळकत १५ लाखांहून अधिक असल्यास, २०२० च्या दुरुस्तीप्रमाणे, ती १२० दिवसांवर येते. एवढीच मिळकत असून जो नागरिक जगात कोठेच निवासी म्हणून करास पात्र नाही, त्यासही कायदा निवासी मानतो, जरी त्याच्या परदेशी मिळकतीस बव्हंशी सूट राहते.

आता दुसरी बाजू. दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी पोर्तुगालने ऑक्टोबर २०२२ पासून वेगळा व्हिसा ठेवला. त्यास तेथील किमान वेतनाच्या चौपट मिळकत दाखवावी लागते. व्हिसा म्हणजे राहण्याची परवानगी, करमाफी नव्हे. कोणत्याही बारा महिन्यांत १८३ दिवसांहून अधिक राहिल्यास, किंवा नित्याच्या वास्तव्याचे घर केल्यास त्याहून कमी दिवसांतही, तो देश आपणांस निवासी मानतो व भारतातून येणारा पगारही हिशेबात धरतो.

दोन्ही देशांनी निवासी ठरविले, तर दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार कामी येतो. तो क्रमाने पाहतो: कायमचे घर कोठे, कौटुंबिक व आर्थिक संबंध कोठे अधिक जवळचे, नेहमीचे राहणे कोठे, आणि शेवटी नागरिकत्व. त्याचा लाभ मागण्यास त्या देशाचा करनिवासाचा दाखला लागतो. तिकडे भरलेल्या कराची वजावट हवी असल्यास त्याच्या पावत्या जपाव्यात.

गोमंतकीय दांपत्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. विवाहपूर्व करारनाम्याने निराळी व्यवस्था केली नसेल, तर आपल्या नागरी कायद्याखालील पतिपत्नींची घरभाडे, व्याज यांसारखी मिळकत प्राप्तिकरासाठी निम्मी निम्मी धरली जाते. पगार मात्र ज्याचा त्याचा. म्हणून पती परदेशी व पत्नी घरी असली, तर दोघांचा निवास स्वतंत्रपणे ठरवावा लागतो.

परकीय चलनाचा कायदा निराळा आहे. नोकरीसाठी देश सोडणारा त्या कायद्याने तेव्हापासूनच अनिवासी होतो; म्हणून बँकेतील साधे बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे.

तात्पर्य, प्रयाणाआधी तिकीट काढताना पंचांगाबरोबर दिवसांचा हिशेबही पाहावा. येण्याजाण्याच्या तारखा वहीत टिपाव्यात, पारपत्रावरील शिक्क्यांच्या नकला ठेवाव्यात, आणि निघण्यापूर्वीच सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा. परदेशी कमावलेला पैसा घरच्यांच्या कामी यावा, दंडात जाऊ नये, एवढ्यासाठी ही सावधगिरी.