तू का रागावलास?



पापनिवेदनात “फादर, मला राग येतो” एवढे सांगून आपण पुढच्या पापाकडे वळतो. राग कोणावर, कधीपासून, कशासाठी, हे सांगायचे राहून जाते. बहुधा आपण ते स्वतःलाही विचारलेले नसते.

देव मात्र विचारतो. हाबेलचे अर्पण स्वीकारले गेले, काईनचे नाही, तेव्हा काईनचे तोंड उतरले (उत्पत्ती 4). देवाने त्याला झिडकारले नाही. तू का रागावलास, असे विचारले आणि पाप दाराशी टपले आहे, असे बजावले. काईनने उत्तर दिलेच नाही. तो भावाला घेऊन शेतात गेला.

राग येणे हेच पाप, असे ख्रिस्तसभा शिकवत नाही. शब्बाथ दिवशी एका वाळल्या हाताच्या माणसावरून प्रभूला दोषी धरायला टपलेल्यांकडे येशूने रागाने पाहिले, आणि त्यांच्या कठोर मनाचे त्याला दुःखही झाले, असे संत मार्क सांगतो (3:5). तो राग हात बरा करून संपला. आपल्या रागात दुःख किती आणि सूड किती, हे तपासावे. दुसऱ्याचे वाईट व्हावे असे आपण जाणूनबुजून इच्छू लागलो, की तो द्वेष झाला.

आपल्याकडचा राग बहुधा जमिनीच्या वाटणीचा, बांधाचा, आईच्या आजारपणात कोणी किती पैसे दिले याचा असतो. तोंडावर भांडणारे निदान बोलतात तरी. अबोला मात्र वर्षानुवर्षे चालतो आणि मुलांनाही वारसाहक्काने मिळतो. मिस्सामध्ये शांतीचे चिन्ह देताना आपण पुढे-मागे सर्वांना हात जोडतो, पण सख्खा भाऊ बसलेल्या बाकाकडे मान वळत नाही. मत्तय 5:23-24 नीट वाचावे. ‘तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर’ असे प्रभू म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असे त्याचे सांगणे आहे. तपासणी आपल्यापासून सुरू होते ती अशी.

येथे एक सांगितले पाहिजे. घरात मार खाणाऱ्या बाईला “राग सोड, क्षमा कर” म्हणून परत पाठवणे हे ख्रिस्ती शिक्षण नव्हे. क्षमा करूनही अन्याय थांबवता येतो, थांबवावाच लागतो.

क्षमेला वेळही लागतो. सिस्टर राणी मारिया यांचा 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरजवळ बसमध्ये भोसकून खून झाला. त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, यांनी तुरुंगात जाऊन खुनी समंदर सिंगला राखी बांधली ती 2002 साली. मध्ये सात वर्षे गेली. त्या वर्षांना कोणी कमी लेखू नये.

योना संदेष्ट्यालाही देवाने विचारले, तेही दोनदा. निनवे वाचले म्हणून तो रुसून शहराबाहेर बसला होता. सावलीचे झाड सुकले तेव्हा तर, माझे रागावणे योग्यच आहे, असे तो तोंडावर म्हणाला. काईनसारखा गप्प राहिला नाही. देवाने मग त्या शहरातील 1,20,000 हून अधिक माणसांविषयी आणि गुराढोरांविषयी आणखी एक प्रश्न केला. ग्रंथ तेथेच थांबतो. योनाचे उत्तर लिहिलेले नाही. चारच अध्याय आहेत. या आठवड्यात संध्याकाळच्या रोझरीनंतर घरी सर्वांनी मिळून वाचावेत.