कच्चा खर्डा आणि मशिनिंग अलाउन्स

वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी सँड कास्टिंग पाहिलं आहे. साच्यातून निघालेला जॉब आठवा. काळाकुट्ट, खरबरीत, कडेला नको असलेलं मेटल चिकटलेलं. तरी कोणी म्हणत नाही की जॉब फुकट गेला. कारण पॅटर्न करतानाच मशिनिंगसाठी दोन-तीन मिलिमीटर जादा ठेवलेले असतात. मग कादंबरीचा पहिला खर्डा मात्र एकदम पॉलिश होऊनच बाहेर यावा, असं आपल्याला का वाटतं?

मलाही तसंच वाटायचं. आमच्या कळंबवर, आजीच्या वाडीवर, तिथल्या बावखलावर आणि विहिरीवरच्या रहाटावर कादंबरी लिहायची असं मी बारावीनंतर ठरवलं. पहिली चार पानं लिहिली. आवडली नाहीत. फाडली. पुन्हा तीच चार पानं. असं दीड वर्ष चाललं! रूममेट म्हणायची, "तुझी कादंबरी म्हणजे केटी लागलेला पेपर, दर सेमिस्टरला तोच." शिवाय "मी कॉन्व्हेंटची, माझं मराठी कच्चं" हे कारण हाताशी होतंच. ते कारणही खोटंच होतं. आमच्याच वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं (सुबोध बायबल, २०१०) आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

मोठ्या लेखकांची उदाहरणं आपण चुकीची वाचतो. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिली. भालचंद्र नेमाडेंची 'कोसला' १९६३ साली आली, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते, आणि तीही त्यांनी थोड्याच दिवसांत झपाट्याने लिहून काढली होती. हे ऐकून आपण म्हणतो, "ते जीनियस, आपलं काम नाही." पण त्याच नेमाडेंची 'हिंदू' २०१० साली आली, तीन दशकांहून जास्त काळ मनात आणि कागदावर घोळवून. म्हणजे वेगाचा नियम नाही. 'श्यामची आई'मधल्या आठवणी गुरुजींच्या मनात लहानपणापासून होत्याच. आपण शिकायचं ते एवढंच, की लिहायला बसल्यावर ते शेवटापर्यंत गेले. पहिल्या चार पानांवर अडकून बसले नाहीत.

आता मी वापरते ती पद्धत सांगते.

१) पहिला खर्डा शेवटापर्यंत न्यायचा. मागचं पान उलटायचं नाही. मराठी शब्द आठवला नाही तर इंग्रजी टाका, पण पेन थांबवू नका.

२) माहिती नसेल तिथे चौकोन काढा आणि आत प्रश्न लिहा. उदा. "रहाटाला बैल किती वाजता जुंपायचे?"

३) खर्डा झाला की महिनाभर ट्रंकेत ठेवा. कास्टिंगसुद्धा थंड झाल्याशिवाय साच्यातून काढत नाहीत.

४) मग आधी मोठे कट, फिनिशिंग नंतर. कुठलं प्रकरण नको, कोणतं पात्र उगाच आलंय, कोणाचं वय चुकतंय हे आधी. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. जे पान उद्या कापायचं, त्याचे ऱ्हस्व-दीर्घ आज कशाला सुधारायचे?

५) मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते, तिथे वाक्य बिघडलेलं असतं.

यातला दुसरा मुद्दा मला फार उशिरा कळला. मी चार पानं घासत बसले होते तेव्हा आजी रोज ओटीवर भाजी निवडत बसलेली असायची. सुट्टीत घरी गेले की विचारायची, "झालं का गं तुझं पुस्तक?" मी म्हणायचे, "अजून सुरुवातच नीट होत नाही." गेल्या दिवाळीत आजी गेली. त्यानंतर हट्टाने मी सव्वा महिन्यात पूर्ण खर्डा लिहिला. एकशे चाळीस पानं, वेडीवाकडी. त्यात सत्तावीस चौकोन निघाले. बावखल कोणी खणलं, पावसाळ्यात रहाट काढून ठेवायचे का, तिची आई तिला काय म्हणून हाक मारायची. त्यातले अकरा बाबांना आणि शेजारच्या काकांना विचारून भरले. बाकीचे आजीशिवाय कोणाला ठाऊक नाहीत.

खर्डा कच्चा असला तरी आपल्याला काय माहीत नाही ते तो दाखवतो. चार सुंदर पानं ते दाखवत नाहीत. मी दीड वर्ष आधी हीच वेडीवाकडी पानं लिहिली असती, तर सगळे सत्तावीस चौकोन एका दुपारी ओटीवर बसून भरले असते.

म्हणून मित्रांनो, ज्यांच्यावर लिहायचंय ती माणसं अजून घरात आहेत तोवर घाणेरडा का होईना, खर्डा पूर्ण करा. सबमिशन संपलं की सुट्टी आहेच. घरी जाताना वही घेऊन जा आणि चौकोन भरून आणा.