लेकराची दुपार

आमचं घर जुन्या धारुरात, माळवदाचं. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, त्यामुळं बालाघाटाचा डोंगर उन्हानं तापला तरी माजघर दुपारी गार असतं. लेक पहिल्या बाळंतपणाला इथंच आली आणि नातवाच्या दिवसाच्या झोपेचं काम माझ्याकडं लागलं. त्याआधी माझी अंगणवाडीतली नोकरी झालेली. गृहभेटीला गेलं की बाळंतिणी हमखास विचारायच्या, ‘मांडीवर झोपतंय हो, पण खाली ठेवलं की उठतंय, काय करू?’ त्यांना सांगत आले ते आणि नातवानं नव्यानं शिकवलं ते, दोन्ही इथं लिहिते.

१. पहिले दोन-तीन महिने वेळ लावायच्या मागं लागू नका. नवजात लेकराला दिवस-रात्र कळत नाही. तिसऱ्या महिन्याच्या आसपास त्याच्या शरीरातलं घड्याळ लागायला सुरुवात होते. तोवर दिवसा जागं असेल तेव्हा त्याला ढेळजेत, उजेडात, माणसांच्या बोलण्यात ठेवायचं. रात्री पाजताना दिवा मंद आणि बोलणं बंद. बाळंतिणीची खोली सव्वा महिना अंधारी ठेवायची आपल्याकडं रीत आहे. बाईला विसावा मिळतो हे खरं, पण सकाळी थोडा वेळ तरी खिडकी उघडावी.

२. रडायच्या आधी ओळखा. डोळे चोळणं, कान ओढणं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्याही आधी खूण दिसते. आमचा नातू खुळखुळ्याशी खेळता खेळता मध्येच थांबायचा, नजर भिंतीवर कुठंतरी लागायची, भुवयांवर तांबूसपणा यायचा. तेवढ्यात उचललं तर काम सोपं. तो क्षण गेला की लेकरू चिरचिर करतं, मग ताठ होतं, मग छातीला लावलं तरी ऐकत नाही. दुसऱ्या महिन्यात तास-दीड तास जागं राहिलं की ते दमतं. सहाव्या महिन्यात दोन-अडीच तास निघतात. ‘दमलं की आपोआप झोपेल’ असं म्हणून ताणू नये. फार दमलेलं लेकरू उशिरा झोपतं आणि लवकर उठतं.

३. शांतता लागत नाही, क्रम लागतो. मला सगळ्यात कळकळीनं हेच सांगायचंय.

आमच्या शेजारी पिठाची गिरणी आहे. लेकीला वाटायचं, या आवाजात पोरगं झोपणार कसं. झालं उलटंच. वीज गेली आणि गिरणी थांबली की त्याची झोप चाळवायची. ऊसतोडीहून परतलेल्या बायकांची लेकरं तर मी अशी पाहिलीत, की ती फडात ट्रॅक्टरच्या घरघरीत, मोळ्या वाहणाऱ्यांच्या हाकांमध्ये निवांत झोपायची आणि गावातल्या शांत घरात मात्र त्यांचा डोळा लागत नसे. अशा लेकराची आई म्हणायची, नजर लागली. मीठ-मोहऱ्या उतरवायची. मी म्हणायचे, उतरव, तुझ्या मनाला बरं वाटू दे. पण तिकडं कसं झोपवत होतीस ते सांग. मग ती सांगायची: पदराखाली घ्यायचं, पाजायचं, पाठीवर थापटायचं, कानाशी हूं हूं करायचं. तेच, त्याच क्रमानं इथं सुरू केलं की चार-आठ दिवसांत लेकरू रुळायचं.

आमच्या घरचा क्रम असा. ओल्या फडक्यानं तोंड-हात पुसायचे, लंगोट बदलायचा, लेकीनं पाजायचं, मी खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, माजघराचं दार लोटायचं आणि अंगाई म्हणायची. अंगाई रोज एकच. आजोबांनीही तीच शिकून घेतली, म्हणून लेक दवाखान्यात किंवा बाजारात गेली तरी अडत नाही. जावळाला घर पाहुण्यांनी भरलं तेव्हा झोपायची जागा बदलली, क्रम नाही बदलला. पाहुण्यांपैकी कोणी ‘जरा उठवा की, तोंड तर बघू’ म्हणालं तर घरातल्या मोठ्या माणसानं नाही म्हणावं. सुनेला ते बोलता येत नाही, सासूला येतं.

४. खाली ठेवण्याची घाई नको. मांडीवर गाढ झोपलेलं लेकरू गोधडीवर टेकवलं की दोन्ही हात फाकून दचकतं. ते उपजतच असतं, पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत जातं. ठेवताना आधी कुल्ले, मग पाठ, शेवटी डोकं. डोक्याखालचा हात लगेच ओढायचा नाही. त्याचे दोन्ही हात छातीशी जुळवून वर आपला तळवा नुसता ठेवायचा, भार द्यायचा नाही. श्वास एकसारखा झाला की एकेक बोट उचलत हात काढून घ्यायचा. चौथ्या महिन्यापासून डोळे जड झाले, पण अजून मिटले नाहीत, अशा वेळी ठेवून बघावं. थोडं कुरकुरेल, तेव्हा थापटावं. खरंच रडायला लागलं तर उचलून घ्यावं. रडत ठेवून झोप शिकवणं मला पटत नाही.

झोपवायचं ते उताणंच. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात, ती नको. तोंडाशी येईल असं दुपटंही नको. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९२ साली लेकरांना पोटावर झोपवू नका असं सांगितलं, आणि पुढच्या दहा वर्षांत तिथं झोपेत अचानक दगावणाऱ्या लेकरांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. वैशाखात कुंची-टोपडं काढून एक सुती झबलं पुरे. अंग तापलंय का ते मानेच्या मागं हात लावून बघावं, तळपायाला नाही.

५. झोळी चांगली, पण नजरेसमोर. झोळीत लेकरू आवळून राहतं, म्हणून दचकत नाही. मात्र कापड खोल गेलं की हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडतो. मान सरळ आहे ना, नाक मोकळं आहे ना, हे दर खेपेला बघावं. लेकरू पालथं पडू लागलं की झोळी सोडावी.

६. झोपेसाठी काहीही चाटवू नका. जायफळ उगाळून देणं, सर्दीचं औषध देणं, असले सल्ले शेजारपाजारी फार मिळतात. त्यांनी येते ती झोप नव्हे, गुंगी. पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया लेकराला अफूची बाळगोळी देऊन जात. मजुरांची स्थिती पाहायला १९२९ साली नेमलेल्या शाही आयोगानंही या चालीची नोंद घेतली होती. त्या बायांना मी बोल लावणार नाही. लेकराजवळ बसायला कोणी नव्हतं, म्हणून गोळी आली. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, वरचं पाणीही नको. आणि खोलीत धुरी नको. इवल्या फुप्फुसांना धूर सोसत नाही.

७. पाऊण तासानं हललं तर थांबा. लेकराच्या झोपेचा एक फेरा साधारण तेवढाच असतो. मधूनच ते तोंड वाकडं करतं, कण्हतं, हात हलवतं, कधी डोळेही किलकिले करतं. लगेच उचललं तर आपणच त्याला उठवतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय, की चार ते अकरा महिन्यांच्या लेकराला दिवस-रात्र मिळून १२ ते १६ तास झोप हवी. तेवढी होत असेल, वजन वाढत असेल, जागेपणी हसत-खेळत असेल, तर दुसऱ्याच्या लेकराशी तुलना करू नये.

८. ते झोपलं की आईनं झोपावं. भांडी घरातल्या दुसऱ्या कोणीतरी घासावीत.

९. हे सगळं घरात बसून लिहिणं सोपं आहे. आमच्या धारूर तालुक्यातून दसरा-दिवाळीनंतर गाड्या भरून माणसं ऊसतोडीला जातात. अंगावर पिणारं लेकरू आईबरोबर जातंच. पहाटेच्या थंडीत फडाच्या कडेला पाचटावर गोधडी टाकून ते निजतं, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला बऱ्याचदा थोरली बहीण नेलेली असते, शाळेतून काढून. एका लेकराच्या झोपेपायी दुसऱ्याची शाळा जाते. १९४८ च्या कारखाना कायद्यानं ठरावीक संख्येपेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथं पाळणाघर ठेवायला सांगितलं. पण फड कारखान्याच्या फाटकाबाहेर असतो. मजुरांच्या कोप्यांजवळ एक शेड, प्यायचं पाणी आणि टोळीतलीच एखादी वयस्कर बाई पगारावर ठेवली, तरी लेकरू सावलीत झोपेल आणि बहीण गावच्या शाळेत राहील. उचल ठरवताना मुकादमाशी पैशाची बोलणी होतात, तेव्हा बायांनी हेही मागावं, आणि शेजारी बसलेल्या पुरुषांनी त्याला दुजोरा द्यावा.