संशोधनाचे पैसे कोण देतं?

पुण्याजवळच्या मांजरीत 'सिरमला आहे' म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. घरातलं नाहीतर शेजारचं कुणीतरी सिरम इन्स्टिट्यूटच्या लस कारखान्यात असतंच. त्यामुळे बारावीला जीवशास्त्रात बरे गुण पडले की घरात दोनच वाटा बोलल्या जातात. नीट निघाली तर डॉक्टर, नाहीतर मायक्रोबायोलॉजी करून कंपनीत. एखादी मुलगी म्हणाली की मला जंतूंवर, साथींवर संशोधन करायचंय, तर तिचे वडील तोंडावर नाही म्हणत नाहीत, फक्त विचारतात, "आणि तोवर पैसे कोण देणार?"

प्रश्न अगदी रास्त आहे. समुपदेशनात त्याला बहुतेक वेळा 'आवड महत्त्वाची' असं गुळमुळीत उत्तर मिळतं. खरं उत्तर असं की संसर्गजन्य रोगांच्या संशोधनात पहिली दहा-बारा वर्षं पगारावर जात नाहीत, एका मंजुरीपासून दुसऱ्या मंजुरीपर्यंत जातात. प्रत्येक टप्प्याला पैसे देणारं कुणी ना कुणी आहे. अडचण टप्प्यांची नाही, दोन टप्प्यांच्या मधल्या महिन्यांची आहे, आणि घराने तयारी त्या महिन्यांची करायची असते.

हे पैसे कसे काम करतात ते मांजरीकरांना दाराशीच पाहता येतं. आफ्रिकेच्या सहारालगतच्या पट्ट्यात मेंदूज्वराच्या 'ए' प्रकाराच्या जीवघेण्या साथी यायच्या. त्यावर स्वस्त लस करण्यात मोठ्या कंपन्यांना रस नव्हता, कारण घेणारे देश गरीब. २००१ मध्ये गेट्स फाउंडेशनने ७ कोटी डॉलर दिले आणि जागतिक आरोग्य संघटना व 'पाथ' या संस्थेने प्रकल्प उभा केला. अट एकच होती, डोस ५० सेंटच्या आत बसला पाहिजे. उत्पादनाची जबाबदारी पुण्याच्या सिरमने घेतली. लागणारं तंत्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतून आलं आणि सिरमचे शास्त्रज्ञ तिथे जाऊन ते शिकून आले. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ही 'मेनआफ्रिव्हॅक' लस द्यायला सुरुवात झाली. पैसे मंजूर झाल्यापासून लस दंडात जाईपर्यंत जवळपास दहा वर्षं गेली, आणि त्या सगळ्या काळात कुणाचे तरी पगार, रसायनं, चाचण्या त्या अनुदानातून चालल्या होत्या. तुमची मुलगी या क्षेत्रात गेली तर तिची पहिली काही वर्षं अशाच एखाद्या प्रकल्पाच्या खात्यावर लिहिलेली असतील.

आता विद्यार्थ्यांपासून सुरुवात करू. एमएस्सी मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी किंवा व्हायरॉलॉजी करणाऱ्यांसाठी (पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था, म्हणजे एनआयव्ही, विद्यापीठाबरोबर एमएस्सी व्हायरॉलॉजी चालवते) पहिला दरवाजा जेआरएफचा, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिपचा. सीएसआयआर-यूजीसी नेट, जैवतंत्रज्ञान विभागाची बीईटी आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, जेआरएफ असे त्याचे प्रकार आहेत. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० आणि पुढे सीनिअर फेलो (एसआरएफ) झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात. संस्थेचं हॉस्टेल नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. आयटीतल्या मुलाशी तुलना केली तर हे काही नाही. पण आपल्याकडे लोक पीएचडीसाठी स्वतःची फी भरून बसतात, तेव्हा एवढं लक्षात ठेवा की प्रयोगशाळेतल्या विज्ञानात बिनपैशाची पीएचडी करू नये. कुठलीही फेलोशिप नसताना 'आधी नाव नोंदवून ठेवा, पैशाचं नंतर बघू' म्हणणारी जागा सोडून द्यावी, मग ती घराजवळ असली तरी.

महाराष्ट्रातल्या मुलांना आणखी एक आधार आहे, ज्याचा विचार बरेच पालक उशिरा करतात. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी आणि ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती पीएचडीची अधिछात्रवृत्ती देतात. बार्टी आणि सारथीची कार्यालयं पुण्यातच आहेत. जागा मर्यादित असतात, आणि रक्कम वेळेवर मिळावी म्हणून विद्यार्थी आंदोलनाला बसल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. केंद्राच्या फेलोशिपचंही तेच. हप्ता कधीकधी चार-सहा महिने लांबतो आणि मग थकबाकी एकदम जमा होते. म्हणून पालकांनी लग्नासाठी किंवा फ्लॅटसाठी बाजूला काढतात तशी सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम या मुलीच्या नावाने ठेवावी. यात तिला पोसण्याचा भाग नाही, हप्ता लांबला तर तिने काम सोडू नये एवढाच हेतू आहे.

डॉक्टरांची गोष्ट वेगळी. एमबीबीएसला असताना आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप १९७९ पासून आहे. दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प, कॉलेजातल्याच एका प्राध्यापकाच्या हाताखाली. मानधन अहवाल मंजूर झाल्यावर हाती येतं, म्हणजे आधी रिक्षा आणि झेरॉक्स आपल्या खिशातून. रकमेसाठी ते करायचंही नसतं. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या प्रश्नाची व्याख्या करणं, एथिक्स कमिटीपुढे उभं राहणं आणि नको ते आकडे जसेच्या तसे लिहिणं हे तिथे शिकता येतं. सरकारी कॉलेजातून शिकणाऱ्यांना बंधपत्राचं एक वर्ष ग्रामीण भागात काढावं लागतं. बहुतेक जण ते दिवस मोजत काढतात. ज्याला साथरोगात जायचंय त्याने मात्र त्या वर्षात क्षय, डेंग्यू, लेप्टो, स्क्रब टायफस यांच्या रुग्णांची टिपणं ठेवावीत. पुढे फेलोशिपच्या मुलाखतीत 'हा प्रश्न तुम्हाला कुठून सुचला' असं विचारलं जातं, तेव्हा हे वर्ष बोलतं.

नंतर एमडी मेडिसिन, पेडिॲट्रिक्स, मायक्रोबायोलॉजी किंवा कम्युनिटी मेडिसिन, आणि पात्र शाखेतल्यांना हवं तर संसर्गजन्य रोगांत डीएम किंवा डीआरएनबी. इथे डॉक्टरकडे पैशापेक्षा वेळ कमी असतो. सकाळी ओपीडी, दुपारी राउंड, रात्री ड्युटी, संशोधन रविवारी. अशा संशोधनातून मोठं काही निघत नाही. तरुण डॉक्टरांसाठीच्या चांगल्या फेलोशिपचं खरं मोल म्हणूनच रकमेत कमी आणि वेळेत जास्त असतं: आठवड्यातले ठरावीक दिवस दवाखान्याने त्याला संशोधनासाठी मोकळे सोडायचे, आणि तसं लेखी द्यायचं. हे पत्र मिळालं नाही तर मंजूर झालेली ग्रँटसुद्धा अंगावर येते.

पीएचडी किंवा एमडी झाल्यावरची दोन-तीन वर्षं सगळ्यात अवघड. मुलगी तीस-बत्तिसाची, लग्नाची बोलणी चाललेली, 'सेटल' काही दिसत नाही. याच वयासाठी काही योजना आहेत. जैवतंत्रज्ञान विभागाची एम. के. भान यंग रिसर्चर फेलोशिप तीन वर्षांसाठी महिना ७५,००० रुपये आणि संशोधनासाठी वर्षाला १० लाख देते. भान हे रोटाव्हायरसच्या भारतीय लशीमागचे डॉक्टर. इन्स्पायर फॅकल्टी पाच वर्षं देते, महिना सव्वा लाख आणि वर्षाला ७ लाख संशोधनासाठी. जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचं वेलकम ट्रस्ट यांची इंडिया अलायन्स २००८ पासून आहे, आणि २०२५ मध्ये केंद्राने तिच्या पुढच्या टप्प्यासाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली. तिची अर्ली करिअर फेलोशिप शास्त्रज्ञांबरोबर डॉक्टरांनाही घेते. नोकरी लागलेल्या तरुण प्राध्यापकासाठी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची (एएनआरएफ) पंतप्रधान अर्ली करिअर ग्रँट आहे, तीन वर्षांत ६० लाखांपर्यंत. परदेशातून परतणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी फेलोशिप. यांतल्या बऱ्याच योजनांना वयाची किंवा पीएचडीनंतरच्या वर्षांची अट असते, स्त्रियांना अनेक ठिकाणी सवलत असते, आणि अटी बदलत राहतात, म्हणून दरवर्षी जाहिरात नव्याने वाचावी. अर्ज आणि निकाल यांत सहा महिने ते वर्ष सहज जातं. आधीची फेलोशिप संपायच्या वर्षभर अगोदर पुढचा अर्ज गेलेला हवा. हे वाक्य भिंतीवर लावलं तरी चालेल.

प्रपोजल म्हणजे नेमकं काय, हेही जवळून पाहू. समजा एका तरुण बालरोगतज्ज्ञ डॉक्टरला डेंग्यूवर काम करायचंय. मांजरी-केशवनगर पट्ट्यात पावसाळा सरताना डेंग्यू शोधायला लांब जावं लागत नाही. बांधकामाच्या साइट, उघड्या टाक्या, नव्या सोसायट्या. 'डेंग्यूचा अभ्यास' म्हणून कुणी पैसा देत नाही. 'तापाच्या तिसऱ्या दिवशी आलेल्या कुठल्या मुलाला भरती करावं आणि कुणाला घरी पाठवावं, हे दोन साध्या चाचण्यांवरून सांगता येईल का' असं विचारलं की परीक्षक पान उलटतो. मग बजेट: मनुष्यबळ म्हणजे एक नर्स आणि एक फील्ड वर्कर, किट आणि ट्यूब, नमुने ठेवायला उणे ८० अंशांचा फ्रीझर, आणि वीज गेली तर त्याला बॅकअप, नमुने नेणाऱ्या माणसाचा प्रवास, मुलाच्या आईला दहाव्या दिवशी करायचा फोन, मराठी संमतीपत्र. त्यावर संस्थेचा ओव्हरहेड. नवखे लोक फ्रीझरसाठी भरपूर मागतात आणि फोन करणाऱ्या बाईचा पगार विसरतात. मग निम्मे रुग्ण दहाव्या दिवशी सापडतच नाहीत. पैसा वर्षावर्षाने येतो, आणि मागच्या हप्त्याचं यूटिलायझेशन सर्टिफिकेट गेल्याशिवाय पुढचा सुटत नाही. मार्चमध्ये अकाउंट्स विभागातल्या साहेबांशी ज्याचं जमतं त्याचं संशोधन एप्रिलमध्ये चालतं. हे कुठल्याच अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

परदेशी पैशाबद्दल थोडं सावध बोलायला हवं. पुण्यात तो जुना आहे. आजची एनआयव्ही १९५२ मध्ये व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून उघडली तीच आयसीएमआर आणि रॉकफेलर फाउंडेशन यांच्या जोडीने. बी. जे. मेडिकल कॉलेजात जॉन्स हॉपकिन्सबरोबर एचआयव्ही आणि क्षयरोगावरचं मोठं काम अमेरिकी अनुदानावर उभं राहिलं, आणि अनेक तरुण डॉक्टरांचं प्रशिक्षण तिथे झालं. पण मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने (एनआयएच) परदेशी संस्थांना उपअनुदान देण्याची जुनी पद्धत थांबवली, आणि यूएसएड ही अमेरिकी मदत संस्था तर त्याच वर्षी बंद झाली. वॉशिंग्टनमधल्या एका निर्णयाने पुण्यातल्या फील्ड वर्करची नोकरी धोक्यात येऊ शकते, हे त्या वर्षी सगळ्यांनी पाहिलं. ज्या लॅबचा सगळा खर्च एकाच देणगीदारावर आहे तिथे जायला हरकत नाही, पण डोळे उघडे ठेवून जावं.

आणि कंपनीची वाट म्हणजे हार, असं मुळीच नाही. मार्च २०२० मध्ये मायलॅब या कंपनीच्या मीनल दाखवे-भोसले यांनी कोविडचं चाचणी किट तपासणीसाठी एनआयव्हीकडे दिलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची मुलगी जन्मली. ते किट खासगी कंपनीत तयार झालं होतं. स्वतःची कल्पना असेल तर केंद्राच्या बायरॅक या संस्थेची बिग ग्रँट १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत देते, आणि पाषाणला एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर त्या अर्जात मदत करतं. मला वाटतं, मांजरीच्या मुलांनी एमएस्सीनंतर दोन वर्षं लस कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये काढून मग पीएचडीला जावं, हाही चांगला क्रम आहे. नोंद ठेवायची शिस्त तिथे लागते आणि घरालाही थोडा दम मिळतो.

कुणी जाऊ नये? ज्याला तिशीच्या आत गृहकर्जाचा हप्ता सुरू करायचाच आहे त्याने, आणि ज्याला नकाराचं पत्र आलं की महिनाभर काम सुचत नाही त्याने. चांगल्या शास्त्रज्ञांचेही बरेचसे अर्ज नाकारले जातात.

बाकीच्यांनी फॉर्म भरण्याआधी गाइडला भेटावं. पालक बरोबर गेले तरी हरकत नाही, पण बोलू द्यावं मुलीला. तिने तीन गोष्टी विचाराव्यात: तुमच्याकडून मागच्या पाच वर्षांत कितीजणांची पीएचडी पूर्ण झाली आणि ते आता कुठे आहेत; चालू प्रकल्पाची मुदत कधी संपते; आणि माझी फेलोशिप लांबली तर लॅबमधून काही सोय होते का. मग लॅबमधल्या सगळ्यात जुन्या विद्यार्थ्याबरोबर कॅन्टीनमध्ये चहा घ्यावा आणि तेच तीन प्रश्न त्यालाही विचारावेत. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर दुसरी लॅब बघावी.