सोफ्याखालची चार बोटं जागा

सोफ्याखाली गेलेला चेंडू आपल्या लेखी हरवलेला असतो. मांजरीच्या लेखी नाही. तो डोळ्यांआड झाला तरी आत आहे, हे तिला पक्कं ठाऊक असतं. मग ती फरशीवर आडवी होते, पंजा खांद्यापर्यंत आत घालते आणि नखाला लागेल ते बाहेर ओढते. आमच्या ठमीच्या नखाला एकदा चेंडूऐवजी दोरा लागला, आणि पुढचं सगळं रामायण त्या दोऱ्यानं घडवलं.

बंगळूरला जयनगरात आमचं भाड्याचं घर आहे. गुळगुळीत टाइल्स, घरमालकाचाच सोफा, आणि त्याच्या पायांची उंची जेमतेम दहा सेंटिमीटर. वस्तू आत जायला ती पुरते, पण झाडू नीट फिरवायला पुरत नाही. दिवस सणांचे होते. सासूबाई गांधी बझारातून मोगऱ्याचे, अबोलीचे हार आणत. सुकलेली फुलं निर्माल्याच्या पिशवीत जात. त्यांचा एखादा दोरा मात्र सुटा पडे आणि केराबरोबर सोफ्याखाली सरके.

ठमीनं खाणं सोडलं तेव्हा आम्हाला वाटलं, केसांचा गोळा असेल, मांजरं ओकतातच. पण ओकाऱ्या थांबेनात, पाणीही ठरेना, आणि ती कपाटामागे अंग चोरून बसू लागली. सासूबाई म्हणाल्या, “अगं, हे साधं दिसत नाही. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे ने.” डॉक्टरांनी तिचं तोंड उघडून जीभ वर उचलली. जिभेच्या मुळाशी पांढरा दोरा गुंडाळला गेला होता. एक टोक तिथे, दुसरं आतड्यात.

मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेनं वळलेले असतात, त्यामुळे तोंडात शिरलेला दोरा थुंकून टाकणं त्याला जमत नाही. तो आतच सरकत राहतो. एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकलं की खरी पंचाईत. आतडं अन्न पुढे ढकलावं तसं दोऱ्यालाही ढकलत राहतं, दोरा पुढे जात नाही, आणि नाडी ओढल्यावर पायजम्याचा नेफा गोळा व्हावा तसं आतडंच दोऱ्यावर गोळा होतं. ताण वाढला की दोरा आतड्याची भिंत कापतो. ठमीचं ऑपरेशन वेळेत झालं, ती वाचली. त्या बिलात घरातल्या सगळ्या फर्निचरचे पाय बदलून झाले असते.

तेव्हापासून कुणी नवं मांजर किंवा कुत्रं आणलं की मी आधी टेप काढायला सांगते. सोफा, दिवाण, कपाट, फ्रिज, टीव्हीचं टेबल, सगळ्यांखालची फट मोजा. अडचणीची फट मधली असते, साधारण तीन ते बारा सेंटिमीटर. त्याहून कमी असेल तर खेळणं आत जात नाही. वीतभर असेल तर खेळणं आत गेलं तरी झाडूही जातो, मांजरही जाऊन येतं. म्हणून मधली फट एक तर बंद करा, नाही तर पायांखाली ठोकळे देऊन उंच करा.

भाड्याच्या घरात खिळा ठोकायची सोय नसते. घरमालकाकडे मोठं डिपॉझिट अडकलेलं असतं. म्हणून ड्रिल न लावता होणारे उपाय बघा. फटीपेक्षा किंचित जाड, घट्ट फोमची नळी किंवा पट्टी दाबून बसवली की झालं. कुत्रं फोम कुरतडणारं असेल, तर इथल्या एस. पी. रोडच्या बाजारातून पीव्हीसी पाइप आणून मापानं कापा आणि वेल्क्रोनं लावा. केर काढताना सुटेल असंच काही लावा, नाही तर पट्टीमागे नवा कचरा साठतो. फ्रिजची फट मात्र हवाबंद करू नका. त्याला वारा लागतो. तिथे जाळीची पट्टी चालते.

खेळणं घेतानाही हेच माप डोक्यात ठेवा. टेनिसचा चेंडू सुमारे पावणेसात सेंटिमीटरचा असतो. दहाच्या फटीत तो आत जाणारच. कुत्रा मग फरशी खरवडतो, प्लायवूडची कड कुरतडतो, कधी नख उचकटून घेतो. त्याच्यासाठी फटीहून मोठा चेंडू घ्या. जबड्यात पूर्ण मावेल एवढा लहान तर कधीच घेऊ नका, तो घशात बसतो. चन्नपट्टणची लाखेची लाकडी खेळणी इथे घरोघरी असतात, दसऱ्याच्या बाहुल्यांच्या मांडणीत तर हमखास. ती कुत्र्याच्या दाताखाली देऊ नका. लाकडाची ढलपी निघते. दोरीला पीस बांधलेली काठी, लोकरीचा गुंडा, रिबिनी हे सगळं माणूस समोर असतानाच काढायचं आणि खेळून झालं की कपाटात बंद करायचं. हाराचे दोरे, केसांची रबरं आणि शिवणाच्या सुया यांनाही हाच नियम.

फट बंद करण्याआधी आत बॅटरी मारून बघा, विषारी काही पडलेलं नाही ना. डांबरगोळ्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. उंदराच्या अनेक औषधांनी रक्त गोठेनासं होतं, आणि ते दिसायला काही दिवस जातात. बटणासारखी चपटी बॅटरी गिळली, तर काही तासांत अन्ननलिका भाजते. यातलं काहीही पोटात गेल्याचा संशय आला, तर लक्षणांची वाट बघू नका. वेष्टन सोबत घेऊन डॉक्टरांकडे निघा.

आणि तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला, तर तो ओढू नका. कितीही मोह झाला तरी नाही. ओढलात तर आत आतडं कापलं जाईल. घरच्या उपायांनी उलटी करवू नका, तेल पाजू नका. जनावराला पिंजऱ्यात घाला आणि तसंच घेऊन जा. बंगळूरात हेब्बाळला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, पण तुमच्या घराजवळ रात्री कोण दार उघडतं, ते आजच फोन करून विचारून ठेवा. सिल्क बोर्डच्या सिग्नलला ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर नंबर शोधायला बसू नका.