गॅरेजचा ठराव

सोलापूरहून तुळजापूरला जाताना वाटेत तामलवाडी लागते. रस्ता रहदारीचा आहे. अशा रस्त्याच्या कडेला गॅरेज हवेच. आज आपण अशाच एका लहान गॅरेजचा विचार करू.

समजा, तेथे एक मालक, दोन कारागीर आणि एक तरुण शिकाऊ आहे. गाडीचे ऑइल बदलले की काळे ऑइल उरते. ते कुठे जाते? बहुधा मागच्या मातीत. माती ते पिते. पण तेथेच ते थांबत नाही. पावसाच्या पाण्याबरोबर ते ओढ्यात जाते, हळूहळू खाली झिरपते. खाली आपल्या विहिरीचे आणि बोअरचे पाणी आहे. या ऑइलमध्ये इंजिनाची काजळी आणि धातूचे बारीक कण असतात. पाणी एकदा नासले की ते सहजी सुधारत नाही.

आपला मुलूख कमी पावसाचा. 1972 चा दुष्काळ जुनी माणसे अजून सांगतात. 2016 साली तर शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. असे पाणी आपणच नासवायचे का?

मग करायचे काय? चौघांनी बसून ठरवायचे. जे ठरेल ते कागदावर लिहायचे. अशा लेखी ठरावालाच पर्यावरण धोरण म्हणतात. शब्द मोठा आहे, काम सोपे आहे.

आधी एक दिवस नुसते बघा. गॅरेजमधून काय काय बाहेर पडते? काळे ऑइल, जुन्या बॅटऱ्या, टायर, तेलकट चिंध्या, धुण्याचे पाणी. याची यादी करा. मग एकेका वस्तूपुढे नियम लिहा. असा :

1. काळे ऑइल जमिनीवर ओतायचे नाही. झाकणाच्या पिंपात, छपराखाली ठेवायचे. परवाना असलेल्या माणसालाच विकायचे.

2. जुनी बॅटरी फोडायची नाही. तिच्यात शिसे आणि तेजाब असते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला फार वाईट. बॅटरी दुकानदाराला परत द्यायची.

3. टायर जाळायचे नाहीत. धूर विषारी असतो. उघड्यावरही ठेवायचे नाहीत. त्यात पाणी साचून डेंग्यूचे डास होतात.

4. तेलकट चिंध्या पत्र्याच्या डब्यात वेगळ्या ठेवायच्या. उकिरड्यावर टाकायच्या नाहीत.

5. गाडी पाइपने नाही, बादलीने धुवायची.

प्रत्येक नियमापुढे एकाचे नाव लिहा. सगळ्यांचे काम म्हणजे कुणाचेच नाही. दर शनिवारी मालकाने पाहावे : पिंपाला झाकण आहे का? टायर कोरडे आहेत का? चुकले तर रागावू नये. का चुकले ते विचारावे आणि नियम सुधारावा.

कुणी म्हणेल, "एवढ्याशा गॅरेजला कसला आलाय कायदा?" पण सरकारच्या 2016 च्या नियमांत वापरलेले ऑइल घातक कचरा मानले आहे. ऑइल कुणाला द्यावे हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारता येते. शिवाय काळ्या ऑइलला पैसे मिळतात. मातीत ओतले तर पैसेही गेले आणि पाणीही गेले.

आता ठराव भिंतीवर लावा. एखादे दिवशी शेजारी येईल. म्हणेल, "पोरा, वाळवीला टाकायला डबाभर काळं ऑइल दे की."

शिकाऊ भिंतीकडे बोट दाखवील. "काका, ते मातीत जातं. तुमची विहीर खालच्याच अंगाला आहे. पहिला नियम वाचा बरं."

काकांना आता वाचता येते. ते वाचतील. तोंडी ठरलेले आठ दिवसांत विसरते. लिहिलेले रोज समोर दिसते. आपण अक्षरे शिकलो ती अशा कामासाठीच.

नवे शब्द : पर्यावरण – भोवतीची माती, पाणी, हवा, झाडे व जीव. धोरण – कसे वागायचे ते आधी ठरवणे. घातक – जिवाला अपाय करणारे.

प्रश्न : काळे ऑइल मातीत ओतले तर काय होते? तुम्ही जेथे काम करता तेथून काय बाहेर पडते? त्याची यादी करा आणि तीन नियम लिहा.