माणसाची किंमत

पाओलो विर्झी या इटालियन दिग्दर्शकाचा ‘इल कापिताले उमानो’ हा २०१३ सालचा चित्रपट आमच्या चित्रपट मंडळात पाहावयास मिळाला. नावाचा अर्थ मानवी भांडवल. मूळ कादंबरी स्टीफन अमिडन या अमेरिकन लेखकाची. विर्झींनी ती मिलानच्या उत्तरेस असलेल्या ब्रिआन्झा या सधन भागात नेली आहे.

आरंभी एका शाळेची मेजवानी आटोपते. मागची आवराआवर करून एक वाढपी रात्री सायकलने घरी निघतो. एक मोटार त्याला उडवून निघून जाते. मग कथा काही महिने मागे जाते आणि त्याच घटना तिघांच्या नजरेतून तीनदा दिसतात.

पहिला दीनो, घरांचा दलाल. त्याच्या मुलीची जोव्हान्नी बेर्नास्की या धनाढ्याच्या मुलाशी मैत्री. टेनिस खेळायला एक गडी कमी पडतो तेव्हा दीनो पुढे होतो आणि तेवढ्या ओळखीवर, कर्ज काढून, ७ लाख युरो बेर्नास्कीच्या फंडात घालतो. त्याच्या लाळघोटेपणाला आम्ही सारे हसलो. मीही हसलो. पण गेल्या वर्षी एका श्रीमंत मित्राच्या घरी वडिलांचे काम विचारले, तेव्हा मी ‘केटरिंगचा व्यवसाय’ असे सांगितले होते. माझे वडील लग्नकार्यांत वाढपी आहेत. माझे हसू तिथेच थांबले.

दुसरी बेर्नास्कीची पत्नी कार्ला. मोडकळीस आलेले नाट्यगृह वाचविण्याची तिची धडपड पैशापुढे हरते. हा भाग मला थोडा लांबलेला वाटला. तिसरी दीनोची मुलगी सेरेना. मोटार कोण चालवीत होते ते तिला ठाऊक असते. दीनो तिचे खासगी पत्र चोरून वाचतो आणि ती माहिती कार्लाला विकतो. किंमत ९ लाख ८० हजार युरो, शिवाय एक चुंबन! स्वतःच्या मुलीचा विश्वास या हिशेबात कुठेच धरलेला नाही.

अपराधी कोण, या शोधात मी असा गुंतलो की त्या वाढप्याला साफ विसरलो. दिग्दर्शकाने ते बहुधा मुद्दामच घडविले असावे. कारण अखेरीस पडद्यावर अक्षरे उमटतात: वाढप्याच्या कुटुंबाला विम्याचे २,१८,९७६ युरो मिळाले. अपेक्षित आयुष्य, कमाईची शक्ती आणि भावनिक नात्यांची संख्या व प्रत यांवरून काढलेल्या अशा रकमेला विमेवाले ‘मानवी भांडवल’ म्हणतात.

त्या रात्री वडील एका लग्नाचे वाढप उरकून दीड वाजता सायकलवरून आले. मी जागाच होतो.